डागांचे पुस्तक, पाने तीनशे बारा

सोमवार, ३ मार्च
लाँड्रीत आज खळबळ. डाग काढणारे काका महिनाअखेरीस निवृत्त होणार. म्हणजे खिडकीजवळचे टेबल, उंच स्टूल, पांढरा एप्रन आणि नंबर घातलेल्या बावीस बाटल्या, सगळे रिकामे होणार. मालकीणबाईंनी चहाच्या वेळी जाहीर केले की जागा बाहेरून भरायची नाही. ज्याला हवी त्याने काकांचे डागांचे पुस्तक वाचावे, काका परीक्षा घेतील.

इच्छुक दोन. मी आणि रफूताई. रफूताई म्हणजे आमच्याकडे रफू करते ती. काउंटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसते. दिवसाकाठी वीस वाक्ये बोलली तर पुष्कळ. डाग काढायला माणूस कसा तरतरीत हवा.

मी काउंटरवर चौदा वर्षे. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत डाग ओळखतो. चहा, शाई, तेल, गंज. गिऱ्हाइकांचा किती वेळ वाचतो, पण कदर कोणाला आहे? जागा माझीच. पुस्तक तेवढे वाचून टाकायचे.

तोच दिवस, संध्याकाळी
हे फक्त इथेच लिहितो. कन्येचा शाळेचा फॉर्म टेबलावर पडला होता. वडिलांचा व्यवसाय, यापुढे तिने लिहिले आहे: लाँड्रीत काउंटरवर उभे असतात. खोटे काही नाही. पण वाईट वाटले. फार वाईट वाटले. टेबल मिळालेच पाहिजे.

मंगळवार, ४ मार्च
पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे, एक रफूताईकडे. पाने तीनशे बारा. दिवस चोवीस. रोज तेरा पाने. तेरा हा आकडा मला आवडत नाही, म्हणून पंधरा धरली. वेळापत्रक आखले. वाचन हिरव्या पेनने, उजळणी लाल, विश्रांती निळ्या. निळा रंग थोडा जास्त झाला, पण बघायला छान दिसते. त्यातच संध्याकाळ गेली. वाचलेली पाने: शून्य. हरकत नाही. आखणी पक्की असली की वाचन काय, आपोआप होते.

बुधवार, ५ मार्च
पुस्तकाला कव्हर घातले. ब्राऊन पेपर, कोपरे दुमडून, वर लेबल. कन्येला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, सुरेख झालंय, आता आत काय आहे ते सांगा. हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही.

गुरुवार, ६ मार्च
वाचायला बसलो. अक्षरे बारीक वाटली. उगाच डोळ्यांवर ताण नको म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी तपासून सांगितले की डोळे उत्तम आहेत. मी म्हटले, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितले. उत्तमच निघाले. माझी सगळी संध्याकाळ फुकट गेली.

शनिवार, ८ मार्च
आज प्रत्यक्ष वाचन! अनुक्रमणिका पूर्ण. मग पहिले पान. पहिलेच वाक्य असे: डागापाशी घाई करू नये. एकदम पटले. म्हणून आज तिथेच थांबलो.

ही म्हणाली की या वेगाने तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा पुस्तक संपेल. मी लक्ष दिले नाही. ज्ञानाच्या वाटेवर घरच्यांचे टोमणे ऐकावेच लागतात.

सोमवार, १० मार्च
काकांशी वाजले. वाजले म्हणजे ते बोलले, मी ऐकून घेतले. मागच्या आठवड्यात एका शर्टाच्या चिठ्ठीवर मी चहा लिहिले होते. तो गंज निघाला. काका दोन दिवस त्याच्याशी झगडत होते. मी म्हटले, मग त्या माणसाने हरकत का नाही घेतली? काका म्हणाले, अरे, तू त्याला बोलू कुठे दिलंस!

पुढे बरेच बोलले. अर्धी विद्या पुस्तकात असते आणि अर्धी गिऱ्हाइकाच्या तोंडात. डाग कशाचा, कधीचा, घरी त्यावर काय काय ओतलं, हे त्यालाच माहीत. तुझ्या तोंडाचा पट्टा थांबेल तर ते तुझ्या कानापर्यंत पोचेल. शेजारी रफूताई मान खाली घालून सुई ओवत होती. तिने ऐकले नसावे. ऐकले असणार.

संकल्प: यापुढे तोंड उघडण्याआधी मनात दहापर्यंत मोजायचे. मोजून झाल्याशिवाय एक शब्द नाही. काय बिशाद आहे कोणाची, मला उतावळा म्हणायची!

मंगळवार, ११ मार्च, सकाळी
घरी सराव. मी न्हाणीघरातून नुकताच बाहेर आलो होतो. हिने आतून विचारले, नळ बंद केलात का? मी शांतपणे दहा मोजले. तोवर बादली भरून पाणी पॅसेजमध्ये. हिचा पारा चढला. मी त्यावरही दहा मोजले. ते तिला जास्तच लागले.

वाचन: पान २ ते ४. तीन पाने. मागची बाकी रविवारी भरून काढायची.

बुधवार, १२ मार्च
विजय! लिहून ठेवण्यासारखा दिवस.

सकाळी पन्नाशीच्या एक बाई आल्या. राखाडी लोकरीचा पुरुषी कोट, जुना, कोपराला कसर लागलेली, डाव्या खिशावर अंगठ्याएवढा निळा डाग. नेहमीचा मी असतो तर म्हणालो असतो, शाई, पंधरा दिवसांनी या. आज ओठ घट्ट मिटले आणि मोजायला लागलो. बाई बोलू लागल्या. मी मोजतोय. दहा झाले, बाई बोलतच होत्या. मग पुढे मोजत राहिलो. वीस. पंचवीस. मध्ये एकदा त्यांनी खिशावर बोट ठेवले, तेव्हा मी सव्वीसवर होतो. मान डोलावली. चौतीसला त्या थांबल्या. चौतीस! आजवर एवढा वेळ मी कोणासमोर गप्प बसलेलो नाही.

बाईंनाही जाणवले असावे. जाताना म्हणाल्या, इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, बरं वाटलं.

त्या गेल्यावर चिठ्ठी भरायला घेतली, तर त्या नेमके काय म्हणाल्या ते आठवेना. मागे धावत जाऊन विचारणे बरे दिसले नसते. आताच कौतुक करून गेल्या होत्या. आणि विचारायचे काय त्यात? कोपराला भोक, म्हणजे रफू. खिशावर निळे, म्हणजे शाई. चिठ्ठीवर लिहिले: रफू, धुलाई, डाग शाईचा, पूर्ण काढणे.

रफूताई तेव्हा चहाला गेली होती. माझा संयम बघायला नेमके कोणीच नव्हते.

रविवार, १६ मार्च
आज पंच्याहत्तर पाने वाचायची होती. सकाळी टेबल आवरले, कारण पसाऱ्यात मन लागत नाही. मग पेन्सिलींना टोके केली. मग जरा पडलो. पडल्या पडल्या वाचता येते, पण पुस्तक जड आहे, तोंडावर पडले. नाकाला लागले. नाक दुखत असताना वाचणे बरोबर नाही. वाचलेली पाने: सहा.

रफूताई कुठवर आली आहे, हे सहज म्हणून काल विचारले होते. म्हणाली, दुसऱ्यांदा वाचतेय, पहिल्यांदा नीट कळलं नव्हतं. बिचारी. मला पहिल्यांदाच कळते, पण बोलून दाखवत नाही.

सोमवार, १७ मार्च
रफूताईने आज आपणहून तोंड उघडले, म्हणून नोंद. तो राखाडी कोट तिच्याकडे रफूला आहे. मला बोलावून तिने खिसा दाखवला. निळ्या डागाच्या कडेने राखाडी दोऱ्याचे बारीक टाके घातलेले. बारीक म्हणजे इतके की वाकून बघावे लागले. ती म्हणाली, हे कोणीतरी जपलंय. त्या बाईंना डागाचं एकदा विचारून घ्याल का?

मी दहा मोजले आणि म्हटले की सगळे बोलणे झाले आहे, बाईंचे मी चौतीसपर्यंत ऐकले आहे. तिला चौतीसचे कळले नाही. कापड उसवू नये म्हणून घातले असतील टाके. परीक्षा जवळ आली की लोक दुसऱ्याच्या मनात शंका घालायला बघतात. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

शुक्रवार, २१ मार्च
परीक्षेचे स्वरूप कळले. तोंडी प्रश्न नाहीत. काका म्हणाले, प्रत्येकाने रॅकवरचा एक अवघड डाग घ्यायचा, पुस्तकात बघून काढायचा, आठ दिवसांत दाखवायचा.

रफूताईने टेबलक्लॉथ घेतला, तपकिरी डागांचा. घेतल्या घेतल्या काय केले? टेबलक्लॉथवाल्यांना फोन! उचलला नाही म्हणून उद्या पुन्हा करणार आहे. असे फोन करत बसलो तर डाग कधी निघायचे?

मी राखाडी कोट घेतला. रफू झालाच आहे आणि निळा डाग चांगला उठून दिसतो. निघाला की कोणालाही कळेल. शाईचे प्रकरण पान १८० वर. मी अजून पान ३१ वर. थेट १८० वर उडी मारली. हुशार माणसाने असेच वाचायचे असते.

शनिवार, २२ मार्च
पुस्तकाप्रमाणे शिवणीच्या आतल्या बाजूला आधी औषध लावून पाहिले. कापड ठीक. मग डागाला कापूस लावला. शाई असती तर कापूस निळा झाला असता. झाला नाही. पुन्हा लावला. पांढराच.

इथे मी पूर्वीसारखा असतो तर चिडून ब्रशने खसाखसा घासले असते. हात शिवशिवत होते. पण पुस्तकात ठळक अक्षरांत दिले आहे, घासू नये, टिपावे. स्टूलवर बसलो आणि १८० पासून एक एक पान वाचत गेलो. जेवायची सुट्टी संपली तरी वाचत होतो. पान २१२: वाळलेला ऑइलपेंट. वर्णन तंतोतंत जुळले. शाई नव्हतीच ती. मला अंधारात दिवा लागल्यासारखे झाले, आणि कोणाला सांगायच्या आधी मी ते पान पुन्हा वाचले.

सोमवार, २४ मार्च
काल सुट्टी असून गेलो. मालकीणबाईंकडून किल्ली मागून घेतली. बाटली नंबर सात. खाली टिपकागद, वरून ओला कापूस, वीस मिनिटे झाकून ठेवायचे, कापूस बदलायचा. पुन्हा वीस मिनिटे. मधल्या वेळात पुढची पाने वाचली. दुपारी पहिल्यांदा कापसावर फिकट निळी छटा आली. मला अक्षरशः भरून आले.

आज पुन्हा तेच. कडेचे बारीक टाके आड येत होते. चिमटीने एक एक करून काढले. सत्तावन्न होते. एकाही ठिकाणी कापड ओढले गेले नाही. घरी गेल्यावर ही म्हणाली, चेहरा वेगळा दिसतोय तुमचा. मी काही बोललो नाही. मोजतही नव्हतो, नुसताच गप्प होतो.

मंगळवार, २५ मार्च
निघाला! पूर्ण निघाला. खिसा नव्यासारखा.

काकांनी भिंग लावून पाच मिनिटे पाहिले. उजेडात नेला, उलटा केला, वास घेतला. मग म्हणाले की मी चाळीस वर्षं हेच करतोय, पण याहून चांगलं मलाही जमलं नसतं. काका असे कोणाला म्हणत नाहीत. मला त्यांनी स्टूलवर बसायला सांगितले. बसलो. खिडकीतून रस्ता दिसतो. पाय खालच्या दांडीवर बरोबर टेकतात.

रफूताईचा टेबलक्लॉथ अजून अर्धवट. दोन दिवस नुसती फोनची वाट बघत होती.

घरी सांगून टाकले की जागा मिळाल्यात जमा आहे. कन्येने फॉर्म काढला, खोडरबरने खोडले आणि विचारले, काय लिहू? म्हटले, डागतज्ज्ञ. तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले. फॉर्म उद्या द्यायचा आहे.

कोटवाल्या बाई गुरुवारी येणार. काकांना आणि मालकीणबाईंना सांगून ठेवले आहे की अकराला काउंटरपाशी या. गिऱ्हाइकाचा आनंद बघण्यासारखा असेल.

गुरुवार, २७ मार्च
बाई आल्या. सगळे जमले होते.

मी कोट हँगरवरून काढून दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला. बाईंनी आधी कोपर पाहिले आणि रफूचे कौतुक केले. मग डाव्या खिशावर हात फिरवला. थांबल्या. उजवा खिसा पाहिला. परत डावा पाहिला. विचारले, हा माझाच कोट आहे ना?

मला वाटले, आनंदाने विश्वास बसत नाही त्यांचा. मग मी सांगायला सुरुवात केली. शिवणीच्या आतली चाचणी, पान २१२, बाटली नंबर सात, सत्तावन्न टाके. दहा बारा मिनिटे तरी बोललो असेन. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. पूर्ण ऐकून घेतले.

मग त्या म्हणाल्या की कोट वडिलांचा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शेवटची पाटी रंगवली त्या दिवशी रंगाचा हात त्यांनी खिशाला पुसला, आई ओरडली, आणि त्याच आठवड्यात ते गेले. टाके आईने घातले होते, रंग निघून जाऊ नये म्हणून. आता आईही नाही. त्या म्हणाल्या, मी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, भोक तेवढं बुजवा, हलका धुवा, पण डागाला हात लावू नका, त्या डागासाठीच हा कोट ठेवलाय.

चौतीसपर्यंत मोजले होते मी. सव्वीसला त्यांनी खिशावर बोट ठेवले होते.

सगळे माझ्याकडे बघत होते. बाईच म्हणाल्या की असू दे, माझंच चुकलं असेल, मी फार हळू बोलते, घरचेही म्हणतात.

आणि मी म्हणालो, हो, जरा हळूच बोलता तुम्ही.

त्यांनी कोट घडी करून पिशवीत घातला. जाताना रफूताईला सांगून गेल्या की काम सुरेख झालंय.

शुक्रवार, २८ मार्च
निकाल. टेबल रफूताईला. तिचा डाग अजून थोडा दिसतो, तरी तिला. काका म्हणाले, डाग काढण्यात तुला शंभरपैकी शंभर, आणि कोणता काढायचा नाही यात शून्य. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

कारणे लिहायला घेतली. एक, पंख्याचा आवाज. दोन, बाईंचा आवाज. तीन, चिठ्ठीवर जागा कमी. चार सुचेना. मग वरची तिन्ही वाचून पाहिली आणि खोडली.

कन्येला सांगितले. फॉर्म देऊन झाला होता. ती म्हणाली, राहू दे ना बाबा, शाळेत कोणी बघत नाही. तिने मला समजावायचे म्हणून म्हटले, ते मला कळले. तोंड लपवावेसे वाटले.

शनिवार, २९ मार्च
चिठ्ठीवर बाईंचा नंबर होता. जेवायच्या सुट्टीत फोन केला. काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून घेतले होते. त्यांनी हॅलो म्हटल्यावर कागद सापडेना.

सांगितले की तुम्ही हळू बोलला नव्हता, स्पष्ट बोलला होता. मीच ऐकत नव्हतो. मोजत होतो. त्यांनी विचारले, काय मोजत होता? म्हटले, आकडे. धीराने ऐकायचे म्हणून. मग त्यांनी विचारले, कितीपर्यंत पोचला होता? म्हटले, चौतीस. त्या हसल्या का रडल्या, फोनवर समजले नाही. मी विचारलेही नाही. गप्प राहिलो आणि या खेपेला ऐकत होतो.

शेवटी त्या म्हणाल्या की खिशावर हात गेला की अजून तिथंच वाटतो तो. मग फोन ठेवला.

सोमवार, ३१ मार्च
काकांचा शेवटचा दिवस. एप्रन रफूताईला आखूड होतो. मी काउंटरवर. एकोणीस गिऱ्हाइके आली. मोजले नाही, फक्त काय म्हणतात ते चिठ्ठीवर लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. रांग लागली. दोघे वैतागून निघून गेले.

शनिवारपासून घरी पुस्तक घेऊन बसलो होतो. पान एकपासून. पंखा, पेन्सिली, चष्मा, काही आठवले नाही. ही जेवायला हाका मारून थकली. आज संध्याकाळी संपले. रक्त, मेण, गंज, डांबर, शाई, ऑइलपेंट, सगळी प्रकरणे, तळटीपा, शेवटची सूची, एकही ओळ न सोडता. तीनशे बारा पाने. काढलेला डाग परत कसा आणायचा, हे कुठेच दिलेले नाही.